प्लॅन वाढवण्याआधी वायर लावून बघा

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचं दुमजली रो-हाऊस आहे. फायबरचा ४० एमबीपीएसचा प्लॅन आहे. राउटर खाली हॉलमध्ये, नवा फोर-के टीव्ही वरच्या बेडरूममध्ये. रात्री पिक्चर लावला की गोल चक्र फिरत बसतं. नेटवाले म्हणतात, १०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. नेटफ्लिक्सला फोर-केसाठी १५ एमबीपीएस लागतात, फुल एचडीला ५. यूट्यूबचं फोर-के २० मागतं. एक टीव्ही आणि दोन मोबाइल ४० मध्ये आरामात भागायला हवेत. भागत नसतील तर पाणी कुठे मुरतंय ते आधी शोधा.

रात्री नऊला, म्हणजे त्रास होतो त्याच वेळी, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि फास्ट डॉट कॉमवर स्पीड बघा. मग मोबाइल टीव्हीशेजारी ठेवून वायफायवर तेच करा. खाली ३८ आणि वर ६ आले, तर दोष स्लॅबचा. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आरसीसी स्लॅबमधून जाताना फार मरतो, २.४ चा पोचतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरच्या गर्दीत अडकतो. मग ३०० चा प्लॅन घेतलात तरी वर चक्र फिरणारच.

उपाय : वर कॅट-६ केबल न्या. शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. बाहेरून नेणार असाल तर काळ्या आवरणाची आउटडोअर घ्या, साधं आवरण उन्हात तडकतं. केबल थेट टीव्हीत लावा. वर मोबाइलही चालायला हवेत तर जुना राउटर वर ठेवा : त्याचा आयपी पत्ता बदला, डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं की दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात आणि नेट मधूनच गायब होतं. वायफाय पुढे ढकलणाऱ्या एक्स्टेंडरच्या नादी लागू नका. स्वस्तातला सिंगल-बँड एक्स्टेंडर निम्मा स्पीड स्वतःच खातो.

वायरवरसुद्धा रात्री १०-१२ च येत असतील तर मात्र प्लॅन नव्हे, तक्रार. ओएनटीवरची (घरात फायबर जिथे येते त्या डबीवरची) ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, तपासायला लावा; उणे २७ डीबीएमच्या आसपास असेल तर फायबर कुठेतरी दुमडलीय किंवा जोड खराब आहे.

दोन टीव्हींवर एकाच वेळी फोर-के आणि त्यात कुणाचं घरून काम, असं असेल तर १०० खुशाल घ्या.

प्रश्न : ३०० चा प्लॅन घेतला, तरी वायरवर ९४ च्या पुढे काटा सरकत नाही.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ९४ म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे, बहुतेक जुन्या राउटरचा. राउटरचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर केबलचा प्लग निरखून बघा. आठपैकी चारच तारा क्रिम्प केल्या (प्लगमध्ये दाबून बसवल्या) असतील तर गाडी १०० वरच अडते. प्लग कापून आठही तारा नव्याने बसवा. अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टही १०० चाच असतो, पण सिनेमाला तो भरपूर झाला.