काम संपले हे मुलाला ठरवू दे

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

एका आईला जूनपर्यंत बाराखडी लिहिणारा मुलगा हवा आणि दुसरीला मुलाने वस्तू हाताळत आपल्या गतीने शिकण्याची मॉन्टेसरी पद्धत हवी, म्हणून डिचोलीच्या तुझ्या बालवाडीत सकाळचा अर्धा वेळ हाताळायच्या साहित्याला आणि अर्धा वहीला देण्याचे तू ठरवते आहेस, हे पत्रातून कळले. मला ते मुळीच पटलेले नाही.

दोन पद्धतींतला फरक कपाटातल्या साहित्यात शोधू नकोस. एकावर एक रचायच्या मॉन्टेसरीच्या गुलाबी मनोऱ्याचे १ ते १० सेंटिमीटरचे दहा ठोकळे आणले आणि मनोरा पुरा होण्याआधीच घंटा वाजवली, तर तो वर्ग जुनाच. हातातले काम संपले हे कोण ठरवते, एवढेच पाहा. रूढ वर्गात ते बाई ठरवतात, कारण सगळ्यांना एकाच वेळी एकाच अक्षरावर आणायचे असते. मॉन्टेसरीसारख्या बालकेंद्री वर्गात ते मूल ठरवते. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या पहिल्या मॉन्टेसरी बालशाळेत तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवत होती. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईंनी इतर मुलांना गायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली. त्या दट्ट्याची मूठ ज्या तीन बोटांनी धरायची, त्यांनीच पुढे पेन्सिल धरायची असते, हे बाराखडीवाल्या आईला करून दाखव.

महाग साहित्याची सबब मला सांगू नकोस. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला आजूबाजूच्या बिया-पानांवर बालवाड्या उभ्या केल्या. तुझ्याकडे तिसऱ्यांचे शिंपले आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावताना मुलाने एक शिंपला चुकीच्या जागी ठेवला, तर हात पुढे करू नकोस. ओळ मध्येच फुगलेली त्याला दिसते, तो मागे जातो, तो शिंपला उचलतो. तेवढा वेळ तू गप्प बसायचे, आणि हे फार अवघड आहे.

रूढ शाळेतली सामूहिक गाणी, गोष्ट, श्लोक, पाढे जरूर ठेव. एका सुरात म्हणण्याचा आनंद मुलांना हवाच असतो. पण कामात बुडालेल्या मुलाला त्यासाठी उठवायचे नाही.

माझ्या बालवाडीतली मुले पहिलीत श्रुतलेखनात मागे पडतात, अशी तक्रार माझ्या वाट्याला वर्षानुवर्षे आली आणि मला हट्टी ठरवले गेले. मी त्या वर्गात जाऊन बसले होते. चुकले तर माझी मुले रडत नव्हती, बाईंच्या तोंडाकडे पाहत नव्हती, खोडून पुन्हा लिहीत होती. म्हणून मी बदलले नाही आणि आजही बदलणार नाही. खंत एवढीच, की पहिलीच्या शिक्षकांशी बसून बोलण्याची सवड मला कुणी दिली नाही. आता २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे, म्हणजे बालवाडी ते दुसरी, हा एकच टप्पा मानला आहे, तेव्हा तू ती हक्काने माग.

पालकसभेत भाषण करू नकोस. त्या दोघी आयांना एका सकाळी भिंतीकडेला बसव आणि काही न बोलता अर्धा तास पाहायला सांग. दिवस ठरला की कळव, मी येते.