मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) मिशनरींचा दिवस कसा जातो? त्यांना घरी फोन करता येतो का?

साधारणपणे सकाळी ६:३० ला उठणं, व्यायाम, प्रार्थना, मग धर्मग्रंथाचं वाचन. त्यानंतर रात्रीपर्यंत भेटी, शिकवणं, सेवाकार्य. १०:३० ला दिवे बंद. मुलं २४ महिने, मुली १८ महिने सेवा देतात.

खरी कसोटी जोडीदाराची, म्हणजे सोबत काम करणाऱ्या दुसऱ्या मिशनरीची. तो मिशनचे प्रमुख ठरवतात, आपण नाही, आणि चोवीस तास त्याच्या सोबतीनंच राहायचं. मनात साचलेलं वेळेवर बोललं नाही तर शिकवतानाही ताण दिसतो. म्हणून आठवड्यातून एकदा दोघांनी बसून मोकळेपणानं बोलायचं असतं. ते कधीच टाळू नये.

फोन? २०१९ पासून दर आठवड्याला तयारीच्या दिवशी करता येतो. कपडे धुणं, बाजारहाटही त्याच दिवशी. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, उपवास: अन्नपाणी वर्ज्य. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावं.