‘फक्त तुलनाच केलीस?’ असं मुलाखतीत विचारलं तर

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्कमधल्या पॅकेट क्लासिफिकेशनच्या पद्धतींचं बेंचमार्किंग, म्हणजे त्यांची मोजून तुलना, असा प्रोजेक्ट सरांनी आमच्या ग्रुपला दिला आहे. बाकीचे ग्रुप एआयवर काम करतायत. ‘यात तुम्ही नवीन काय बनवणार?’ असं मैत्रिणी विचारतात. बाबांनाही प्लेसमेंटची काळजी वाटते. विषय बदलून घेऊ का?

उत्तर : विषय बदलू नकोस. तुझी शंका मात्र रास्त आहे. हा प्रोजेक्ट वरवर केला, तर चार आलेखांपलीकडे हाती काही राहणार नाही. नीट केला, तर मुलाखतीत अर्धा तास बोलता येईल एवढं काम त्यात आहे.

बाबांना आधी हे सांग. फायरवॉल किंवा राउटरमधून जाणाऱ्या पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याचा, आयपी पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल बघून त्याला कोणता नियम लागू होतो, हे ठरवावं लागतं; हेच पॅकेट क्लासिफिकेशन. नियम हजारो असू शकतात. १० गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटची पॅकेट सलग आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख होतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. मुख्य मेमरीत एकदा डोकावून यायलाच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणून तर गेली पंचवीस वर्षं या एका प्रश्नावर संशोधन चाललंय. त्यातलं एक मोठं नाव जॉर्ज वर्गीस हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी.

आता ‘फक्त तुलनाच’ या शब्दांबद्दल. १९९९ मध्ये हायकट्स ही डिसिजन ट्रीवर (फांदीगणिक पर्याय कमी करत नियमापर्यंत नेणाऱ्या झाडावर) आधारलेली पद्धत आली आणि त्याच वर्षी टपल स्पेस सर्च, म्हणजे सारख्या ठेवणीचे नियम एकेका गटात ठेवून गटागटात शोधणारी पद्धतही आली. हायकट्समध्ये शोध झटपट लागतो, पण फायरवॉलच्या नियमांत ‘कोणताही पत्ता चालेल’ असे नियम बरेच असले, की त्यांच्या नकला झाडाच्या अनेक फांद्यांत पडतात आणि मेमरी फुगते. टपल स्पेसमध्ये शोध तुलनेने हळू, पण नवा नियम घालणं सोपं. ओपन व्हीस्विच या व्हर्च्युअल मशीनना जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचने टपल स्पेसची पद्धत घेतली, कारण तिथे नियम सतत बदलत असतात. म्हणजे ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या नियमसंचावर, किती मेमरीत, नियम किती वेळा बदलत असताना, हे सांगितल्यावरच उत्तर मिळतं. नोकरीत सीनियर इंजिनीअरला रोज हेच ठरवावं लागतं.

कंपन्या आपले खरे नियम बाहेर देत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुईसमधल्या टेलर आणि टर्नर यांनी २००५ मध्ये क्लासबेंच मांडलं. खऱ्या नियमसंचांची ठेवण अभ्यासून तसेच कृत्रिम संच तयार करणारं ते साधन आहे. एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं याच्या याद्या), फायरवॉल आणि आयपी चेन (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रणांतले नियम) असे तीन प्रकार त्यात मिळतात. तिन्हींवर चाचणी घे. फक्त एसीएलवर घेतलेले आकडे फार गोंडस दिसतात.

कामाला लागताना आधी नियम वरून खाली एकेक तपासणारा साधा लिनिअर सर्च लिही. तो संथ असतो, पण त्याचं उत्तर बरोबर असतं. प्रत्येक पॅकेटसाठी बाकीच्या पद्धतींचं उत्तर त्याच्याशी ताडून बघ. चुकीचं उत्तर झटकन देणाऱ्या कोडचा वेग मोजून काय उपयोग? मग कॅशेकडे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीकडे, लक्ष दे. तीच थोडी पॅकेट पुन्हा पुन्हा फिरवलीस, तर सगळं कॅशेत बसतं आणि प्रत्येक पद्धत वेगवान वाटते. प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी स्थिर ठेव, प्रोग्राम एकाच कोअरला बांध. नुसती सरासरी देऊ नकोस, सर्वांत संथ एक टक्का पॅकेटना किती वेळ लागला तेही दे. मेमरी आणि नियम बदलायला लागणारा वेळ, हे दोन रकाने बरेच जण गाळतात. तू गाळू नकोस.

एआयची ओढ असेल, तर तोही रस्ता इथूनच जातो. २०१९ मध्ये न्यूरोकट्स या पद्धतीने रीइन्फोर्समेंट लर्निंग (करून बघत, चुकांतून शिकणारं एआय) वापरून हीच डिसिजन ट्री बांधून दाखवली, आणि तिचीही परीक्षा क्लासबेंचवरच झाली. तुमच्या तुलनेत ती घेता आली, तर मैत्रिणींच्या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यावं लागणार नाही.

प्लेसमेंटबद्दल स्पष्टच लिहिते. कॅम्पसवर येणाऱ्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्यांना या विषयाचं फारसं अप्रूप नसेल, तिथली अॅप्टिट्यूड आणि कोडिंगची तयारी सुटता कामा नये. पण नेटवर्क उपकरणं, क्लाउड, सायबर सुरक्षा आणि डेटाबेसचं इंजिन बनवणाऱ्या टीम सी, लिनक्स आणि परफॉर्मन्सची समज असलेली मुलं शोधत असतात. पुण्यात आणि त्याहून जास्त बंगळुरूत असं काम आहे. एमटेक करायचं असेल, तर गेटची तयारी सोबत चालू ठेव. कोड, नियमसंच तयार करण्याच्या सेटिंग आणि मोजमापाच्या स्क्रिप्ट गिटहबवर अशा टाक, की अनोळखी माणसाला तुझे आकडे स्वतःच्या मशीनवर पडताळता येतील. रेझ्युमेत त्याची लिंक वरच दे.

या आठवड्यात सरांना भेट आणि दोन गोष्टी पक्क्या करून घे. तुलनेला तीनच पद्धती घ्यायच्या, सात-आठ नाहीत. आणि लॅबमधलं एक मशीन असं हवं, जे सेमिस्टर संपेपर्यंत दुसरं कुणी वापरणार नाही.