वाचक विचारतात : दुसऱ्याच्या पात्रांवरची कथा स्वतःची म्हणता येते का?

प्रश्न : आवडत्या कादंबरीतल्या पात्रांची पुढची कथा मी लिहिली आहे. ती स्वतंत्र म्हणून दिवाळी अंकाला पाठवू का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमची वाक्यं, नवे प्रसंग तुमचेच, मूळ पात्रं आणि त्यांचं जग मात्र नाही. त्यामुळे ‘स्वतंत्र कथा’ असं लिहून पाठवू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचा ‘ययाती’ २०३६अखेर संरक्षित. महाभारतातला ययाती सगळ्यांचा आहे, पण खांडेकरांनी रचलेले प्रसंग नव्हेत. लोक नेमके इथेच चुकतात.

‘मूळ लेखकाचे आभार’ छापणं म्हणजे परवानगी नव्हे. नुसती नावं बदलूनही भागत नाही, कारण प्रसंगांची वीण ओळखू येते. प्रकाशकामार्फत वारसांना पत्र लिहा : कोणती पात्रं, किती पानं, कोणता अंक, डिजिटल आवृत्ती आहे का. होकार सहीनिशी लेखी घ्या आणि तो संपादकांना कथेसोबतच द्या.

होकार नाही आला, तर त्या कथेतला तुम्हाला भिडलेला पेच घ्या आणि माणसं नव्याने घडवा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आमच्या मते तीच कथा जास्त तुमची होईल.