जीपीएस असताना व्हीओआर कशाला? फीनिक्सहून उत्तर

दादा म्हणून विचारलंस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुझा प्रश्न असा, की अ‍ॅरिझोनातल्या उड्डाण शाळांची विमानं जीपीएसवाली आहेत, मग नाशिकहून निघण्याआधी व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनांवरून आपण कुठे आहोत ते सांगणारी यंत्रणा) आणि एडीएफ (सुईने रेडिओ स्टेशनची दिशा दाखवणारं विमानातलं यंत्र) यांचा अभ्यास करायचा का?

एडीएफ परीक्षेपुरता कर. इथल्या बहुतेक शिकाऊ विमानांत तो सापडणार नाही. पण परत आल्यावर डीजीसीएच्या (भारतातल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) एअर नेव्हिगेशनच्या पेपरात त्याची सुई रात्री का भरकटते, गडगडाटी ढगाजवळ स्टेशन सोडून विजेकडे का वळते, हे यावं लागेल.

व्हीओआर मात्र मनापासून शीक. अमेरिका ही स्टेशनं कमी करतेय, पण ८९६ पैकी सुमारे ५९० मुद्दाम राखणार आहे. जीपीएस गेलं, तरी १०० सागरी मैलांच्या आत उतरायला विमानतळ मिळावा, हा हेतू. ही भीती पोकळ नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅलसच्या आसपास जीपीएसमध्ये खरोखर व्यत्यय आला होता. इथे शेजारच्या न्यू मेक्सिकोत लष्कराच्या चाचण्या चालतात, तेव्हाही जीपीएस बेभरवशाचं असल्याच्या सूचना निघतात.

एक गोष्ट आत्ताच पक्की कर. व्हीओआरची सुई तुझं नाक कुठे आहे ते सांगत नाही, तू स्टेशनपासून कुठल्या रेडियलवर, म्हणजे स्टेशनमधून निघणाऱ्या कुठल्या दिशारेषेवर, आहेस ते सांगते. विमान जागच्या जागी वळवलंस, तरी सुई हलणार नाही. कागदावर दोन स्टेशनं मांड, दोन रेघा ओढ, छेदतील तिथे तू. हे रोज दहा वेळा कर. नवी मुलं नेमकी इथेच अडकताना मी पाहिली आहेत.

आणि डोंगर! व्हीओआरची लहर सरळ रेषेत जाते. फीनिक्सच्या उत्तरेला कमी उंचीवर माझ्या यंत्रावर एकदा लाल निशाण आलं, म्हणजे सिग्नल मिळत नव्हता. हजारभर फूट वर चढलो, तेव्हा सुई जिवंत झाली. फ्रिक्वेन्सी लावली की स्टेशनची मोर्समधली ओळख (बीपमधली अक्षरं) ऐकायचीच. फीनिक्सची पी-एक्स-आर. दुरुस्ती चालू असेल तर ही ओळख काढून टाकतात, सुई मात्र हलत राहू शकते. तिच्यावर विसंबायचं नाही.

शाळा ठरवताना फीइतकंच हे विचार: विमानात व्हीओआरचा चालू रिसीव्हर आहे का, आणि त्याची तपासणी ३० दिवसांच्या आत झाल्याची सहीनिशी नोंद दाखवाल का? उपकरणांवरच्या उड्डाणात व्हीओआर वापरायचा तर ही नोंद नियमानेच लागते. दाखवायला कुरकुर करणारी शाळा मी तरी तुला सुचवणार नाही.

परदेशी विद्यार्थ्यांना लागणारी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) परवानगी आणि व्हिसा यांना वेळ लागतो, ते आधी सुरू कर.