वास्या, नाद्या आणि रईसा झाखारोव्हना: रशियन नावे मराठी उपशीर्षकांत

प्रश्न असा आहे: व्लादिमीर मेन्शोव्ह यांच्या 'ल्युबोव इ गोलुबी' (प्रेम आणि कबुतरे, 1985) या चित्रपटाची मराठी उपशीर्षके करताना 'रईसा झाखारोव्हना'मधले झाखारोव्हना हे आडनाव धरायचे का? आणि नाद्याने नवऱ्याला 'अहो' म्हटलेले चालेल का?

झाखारोव्हना हे आडनाव नव्हे, पितृनाम आहे. वडील झाखार, म्हणून मुलगी झाखारोव्हना. मुलगा असता तर झाखारोविच. आपल्याकडेही वडिलांचे नाव मधे लागते, पण ते कागदोपत्री, आणि लग्नानंतर बायकांचे बहुधा बदलते. रशियन पितृनाम लग्नाने बदलत नाही, आणि हाक मारताना ते नावाला जोडून घेणे हाच मान. आपल्याकडे 'बाई', 'साहेब', 'राव' जे करतात ते तिथे पितृनाम करते. त्यामुळे 'रईसा झाखारोव्हनाबाई' नको, 'सौ. झाखारोव्हना' तर मुळीच नको. जोडनाव पूर्ण ठेवा आणि क्रियापद 'तुम्ही'चे घ्या. ओळीत जागा पुरत नसेल तर वाक्य छाटा, पण पितृनाम गाळू नका. नुसती 'रईसा' लिहिली की सलगी दिसते.

खरी अडचण नाद्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे 'वास्या'च्या नावाची आहे. वासिलीचे हे घरगुती, मायेचे रूप. मराठी कानाला मात्र ते गण्या, दिल्या, सुऱ्या यांच्या पंगतीतले वाटते आणि बायको नवऱ्याला तुच्छतेने हाकारते आहे असा भास होतो. रशियनमध्ये तो रांगडेपणा 'वास्का', 'ल्युदका' अशा '-का'वाल्या रूपांत असतो. म्हणून 'वास्या' तसेच ठेवून सूर वाक्यातून सांभाळावा: "वास्या, जेवून घे ना रे." इथे 'अहो, जेवून घ्या' लिहिण्याचा मोह होतो, कारण खेड्यातले जुन्या वळणाचे जोडपे म्हटले की आपल्याला तेच सुचते. पण हे दोघे एकमेकांना रशियन 'ती' (ты), म्हणजे एकेरी 'तू'च म्हणतात. 'अहो' घातले तर नाद्याच्या भांडणातला सगळा जोर जातो.

'द्याद्या मित्या' आणि 'बाबा शुरा' हे शेजारी. 'बाबा' म्हणजे इथे म्हातारी, तेव्हा 'शुराआजी' लिहा, नाहीतर वाचक पुरुष समजेल. 'द्याद्या' काकाही असतो आणि मामाही. शेजाऱ्याला आपण काकाच म्हणतो, म्हणून 'मित्याकाका'. मित्या हे द्मित्रीचे रूप, शुरा हे अलेक्सांद्राचे. पूर्ण नाव आणि लाडके नाव दोन्ही येत असतील, तर पहिल्या दोन-तीन प्रसंगांत एकच रूप वापरा, म्हणजे ही दोन वेगळी माणसे वाटणार नाहीत.