अनुदानं आणि निर्यातबंदी यांमुळे जगात अन्न महाग होतं का?

आधी या दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण त्यांचा परिणाम उलटसुलट होतो. श्रीमंत देशांच्या अनुदानाने जागतिक भाव सहसा पडतो. युरोपने वर्षानुवर्षं आपल्या बीट उत्पादकांना साखरेचा जागतिक भावाच्या जवळपास तिप्पट दर दिला आणि उरलेली साखर अनुदान देऊन बाहेर स्वस्तात ओतली. ब्राझील, थायलंड आणि ऑस्ट्रेलियाने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये तो जिंकला.

भाव भडकतो तो निर्यातबंदीने. यात तांदळाइतकं बोलकं उदाहरण नाही. जगात पिकणाऱ्या तांदळाचा जेमतेम दहावा हिस्सा देशाबाहेर विकला जातो, त्यामुळे एखाद्या मोठ्या देशाने हात आखडला की बाजार हादरतो. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदूळ रोखला, मग व्हिएतनामनेही. फिलिपिन्सचं सरकार मिळेल त्या भावाने घेत सुटलं. काही महिन्यांत थायलंडचा तांदूळ टनामागे साडेतीनशे डॉलरच्या आसपास होता तो हजारावर गेला. आणि त्या वर्षी जगात तांदळाचं पीक बुडालेलं नव्हतं! जपानच्या गोदामांत व्यापार कराराच्या अटीपायी घ्यावा लागलेला परदेशी तांदूळ पडून होता. मे २००८ मध्ये तो बाजारात येणार अशी नुसती बातमी फुटली आणि भाव उतरू लागला. एक पोतंही हललं नव्हतं. म्हणजे बराचसा भाव भीतीचा होता.

आमचं घर कांद्याचं, निफाडकडचं, म्हणून मला यातली दुसरी बाजूही दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा बांगलादेशात किलोला दोनशे टकांच्या वर भाव गेला आणि कांदा विमानाने आणावा लागला. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी आली, ती ऐन लाल कांद्याच्या आवकेत. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर छपरात, भरून वाट पाहता आली असती. लाल टिकत नाही, काढला की लिलावात न्यावाच लागतो. ट्रॅक्टर भरून उभे आणि भाव कोसळलेले, हे आम्ही तेव्हा पाहिलं. शहरातल्या गिऱ्हाईकाला दिलासा द्यायला माझी ना नाही, पण त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून का? खत-विजेचं अनुदान जमेला धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार उणे निघतो, म्हणजे त्याला मिळतं त्याहून त्याच्याकडून जातं जास्त, असा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा अनेक वर्षांचा हिशेब आहे. या बंद्या त्याचं एक मोठं कारण.

बंदी उठल्यावरही राहिलेलं कांद्यावरचं निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ ला हटलं. तोवर बांगलादेशने स्वतःची लागवड वाढवली होती आणि पाकिस्तान, इजिप्तकडचा माल घ्यायची सवयही त्याला लागली होती.